गावाला दिलेली भिंत

२ जानेवारी

ती. आत्यास,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत, तू असशीलच. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं घालतेस. पत्रात तुला तशी सोय नाही.

नवं घर लागत आलं. मास्तर शाळेतून येतात ते थेट भिंतींसमोर उभे राहतात, कुणीतरी गणिताचा पेपर कोरा दिल्यासारखे. भिंती कोऱ्या आहेत हे खरं. त्यावर उपाय म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्यानं सजावटवाली बाई पाठवली. बाई तरतरीत, बोलायला गोड, हातात रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा. हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी तिनं एक चित्र सुचवलं, धुक्यातला पूल. मी विचारलं, कुठला पूल. ती म्हणाली, कुठलाच नाही, तेच तर त्यात चांगलं आहे. पाहुण्यांना काही विचारावंसं वाटत नाही आणि डोळ्यांना त्रास नाही.

आत्या, मी दिवसभर एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं बघते. घरी आल्यावर मला कुठलाच नसलेला पूल बघायचा नाही. मला तू फोटोत काढलेली गावं हवी आहेत. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे यायचे तेव्हा जिन्यात, मोरीच्या दारावर, कपाटाच्या आतल्या बाजूलासुद्धा गावंच गावं असायची, आणि कपडे काढायला गेलं की एखादी टेकडी समोर यायची. माझं घर झालं की अशीच गावं लावायची हे मी तेव्हाच ठरवलं होतं. बाईला हे सांगितलं तर तिचा चेहरा पडला. खेडी लावली की घर जुनाट दिसतं, म्हणाली. मी म्हटलं, दिसू दे.

दुसरं बाबांचं. त्यांची इमारत उन्हाळ्यात पाडणार हे तुला ठाऊक आहेच. इथली मागची खोली मी त्यांच्यासाठी ठेवली आहे. कारखाना सुटून इतकी वर्षं झाली तरी फिटरची पेटी उशाशी घेऊन झोपतात, म्हणून खिडकीखाली एक भक्कम बाक करून घेतला आहे, त्यांना ठोकाठोकी करायला. येताय ना विचारलं तर बघू म्हणाले. पण लगेच बाकाची उंची विचारली, म्हणजे येणार.

तर गावं पाठव. लोभ आहेच, या वेळी तो जाड पुठ्ठ्यात बांधून यावा ही विनंती.

तुझी,
ठकी


११ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ. आणि त्याबरोबर एक अवजड पार्सल.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. तुझ्या सजावटवाल्या बाईवर रागावू नकोस, पोट तिलाही आहे. पण पुढचं मास्तरांना मोठ्यानं वाचून दाखव, म्हणजे आपल्या घरात काय टांगलं जाणार आहे ते त्यांना कळेल.

मी जन्मभर स्टुडिओच्या डार्करूममध्ये काम केलं. फोटो छापायचे आणि बारीक ब्रशनं लोकांचे तीळ, सुरकुत्या, वण घालवायचे. लग्नाळू मुलींची नाकं मी इतकी सरळ केली की एकदा एक नवरदेव येऊन फोटोतली मुलगी कुठं आहे म्हणून विचारून गेला. आठवडाभर हे केल्यावर सुट्टीच्या दिवशी मला खोटं काही बघवत नसे. मग कॅमेरा घ्यायचा, मिळेल त्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्याला उतरायचं आणि तिथं जे गाव असेल ते काढायचं. त्या फोटोंना मी कधी ब्रश लावला नाही. उकिरडा तर उकिरडा, पत्रा तर पत्रा. माझी अटही तीच आहे. तुझ्या बाईनं यातलं काही पुसायचं नाही, कापायचं नाही, रंगवायचं नाही. स्टुडिओ बंद झाला तेव्हा फोटो मोठे करायचा एन्लार्जर मी मोडीत जाऊ दिला नाही. तो माझ्या मोरीत आहे आणि मी आंघोळ त्याच्या सोयीनं करते. तेव्हा एखादा फोटो खराब झाला तर पुन्हा छापून मिळेल, पण बदलून मिळणार नाही.

जुन्या चादरीत गुंडाळलेला सगळ्यात मोठा फोटो आहे तो आपल्या गावाचा. हो, आपल्या. तुला कुणी कधी नीट सांगितलं नसणार, कारण तुझा बाप त्यावर तोंड उघडत नाही. तुझे आजोबा गेले आणि त्यांच्या भावांनी आईला, दादाला आणि मला घराबाहेर काढलं. दादा अकरा वर्षांचा होता, मी दोन-अडीच. आईच्या डोक्यावर ट्रंक आणि मी दादाच्या खांद्यावर. सगळं गाव दारं लावून आत बसलं होतं. हे मला आईनं सांगितलं. मला स्वतःला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

चाळिशीत मी एकटी तिथं गेले. लहानसहान कॅमेरा नको म्हणून स्टुडिओतला जुना पेटी-कॅमेरा मागून घेतला, तो स्टँडवर चढवून काळं कापड डोक्यावर घ्यायचं असतं तसला. रस्त्याच्या मधोमध मांडला. घरातून काढता आलं, रस्त्यावरून कोण काढतो ते बघायचं होतं. त्या घरातून एक माणूस बाहेर आला. चुलत्याचा मुलगा असणार, नाक आपल्याच घरातलं. कोण, कुठली, विचारू लागला. मी सांगितलं, फोटोवाली. मग म्हणाला, आमच्या सगळ्यांचा काढा. मी म्हटलं, मी माणसांचे काढत नाही, जमिनीचे काढते, तुम्ही जरा बाजूला व्हा. आणि तो निमूट बाजूला झाला. ठकी, त्यांनी आम्हाला घराबाहेर केलं, मी त्यांना फोटोबाहेर केलं. त्या दिवशी बसमध्ये मी शेजारच्या बाईला उगाच शेंगदाणे दिले.

हा फोटो हॉलमध्येच लाव, दारासमोर. दादाला आवडणार नाही. त्यानं विचारलं तर माझं नाव सांग.

पार्सल उघडताना सुरी जपून चालव. लोभ वाढवायला आता माझ्याकडे जागा नाही, आहे तेवढा नीट ठेव.

तुझी,
आत्या


३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. आजचा नमस्कार जरा घाबऱ्याघुबऱ्या मुलीचा आहे.

गावं धडधाकट पोचली. जेवायच्या जागी दोन, मागच्या बोळात तीन, आणि आपलं गाव हॉलमध्ये दारासमोर. मास्तरांनी दोरी लावून मापं घेतली, खिळा ठोकला, खिळा वाकला, मग जणू मीच वाकवला तसं माझ्याकडे बघितलं. पण फोटो लागला आणि भिंत एकदम माणसात आली. डावीकडे ते पत्र्याचं घर, उजवीकडे वाकलेलं झाड आणि त्यामागे विहीर, मधून रस्ता, वरून विजेची तार. सकाळी चहा घेताना मी त्या रस्त्यानं थोडी चालूनही येते.

सजावटवाली बाई शेवटचं बघायला आली होती. तिला तार खुपली. कॉम्प्युटरवर तार पुसून देते, पत्र्याच्या जागी कौलं बसवते, कुणाला कळणारही नाही, म्हणाली. मी म्हटलं, मला कळेल. ती आपला पूल घेऊन गेली ती कायमची.

आता खरी गोष्ट. रविवारी बाबा आले. दारात चपला काढता काढता त्यांची नजर समोर गेली. चांगलं निरखून बघितलं आणि विचारलं, हे कुठलं गाव. मला वाटलं गंमत करताहेत. मी सांगितलं, बाबा, आपलंच की. त्यांनी पुन्हा बघितलं, मान हलवली आणि काढलेली चप्पल परत पायात घातली. आत्यानं पाठवलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. मग आवाज न चढवता म्हणाले की ज्या गावानं आम्हाला दार उघडलं नाही त्याला माझ्या लेकीच्या घरात भिंत मिळणार असेल, तर मला तिथं खोली नको. आणि गेले. बाक बघायलासुद्धा आत आले नाहीत.

आता त्यांनी कारखान्यामागे एक खोली बघितली आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आत्या, त्यांच्या गुडघ्यांचा एक्स-रे मीच काढला आहे. हाडावर हाड घासतंय.

मास्तर म्हणतात, फोटो आपल्या झोपायच्या खोलीत लावू, बाबांना दिसणार नाही, प्रश्न सुटेल. सुटेल, पण मला ते उत्तर नको आहे. स्वतःच्या घरात मी काय लपवत फिरू. गाव उतरवलं तर तुला हाकलल्यासारखं होतं, ठेवलं तर बाबांना. मी दोघांतलं कुणालाच हाकलणार नाही, हे मी ठरवलं आहे. फक्त ते कसं करायचं हे ठाऊक नाही. तू सांग.

लोभ असावा, आणि सध्या हात जरा सैल सोडून असावा.

तुझी,
ठकी


९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ. रडली असशील तर आधी तोंड धुऊन ये.

फोटो काढायचा नाही. हॉलमधून नाही आणि झोपायच्या खोलीत तर मुळीच नाही. तिथं तुम्ही दोघं भांडलात तर ते अख्ख्या गावानं कशाला ऐकायचं. तारेचं म्हणशील तर त्या बाईला सांग, आधी त्या घरातला दिवा विझव, मग तार पूस. तिच्या स्वतःच्या घरी वीज काय धुक्यातून येते का.

मला लागलं ते वेगळंच. दादानं निरखून बघितलं आणि विचारलं, हे कुठलं गाव. ज्याच्यापायी माणूस जन्मभर गप्प राहिला, ते समोर आलं तर त्याला ओळखूसुद्धा आलं नाही. मग हा राग आहे तरी कशावर. ते मी त्यालाच विचारणार आहे. सोबतची चिठ्ठी त्याच्या हातात दे. पाकीट चिकटवलेलं नाही. तू वाचणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा वाचलं नाही असं सांगू नकोस.

बाक तसाच ठेव, त्यावर कपड्यांचा ढीग घालू नकोस. लोभ नेहमीचाच.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

तू पत्र लिहीत नाहीस आणि मी उत्तराची वाट बघत नाही, असं आपलं बरं चाललं होतं. पण आता तू तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार असं ऐकते. रोज तेवढे जिने चढून तू हे गुडघे कुणाला दाखवणार आहेस? त्या गावाला? त्याला पत्ताही लागणार नाही. कळ तुला येईल आणि डोळ्यात पाणी तुझ्या लेकीच्या.

त्यांनी दारं लावली, तू डोळे मिटून घेतलेस. तुला सगळं आठवत होतं, आणि तू ते इतकं पुरून टाकलंस की गाव समोर टांगलेलं असताना तुला विचारावं लागलं. मला तेवढंही मिळालं नाही. आई सांगायची ते आणि हा एक फोटो, एवढंच माझं गाव. मी ते कौतुकानं लावलेलं नाही. त्यांनी आपल्याला काढलं आणि तरी ते आपल्याजवळ आहे, म्हणून लावलं आहे. आपलं काय आहे त्यांच्याजवळ?

राग आला तर ये आणि समोर बसून भांड. लांबून रुसणं तुला शोभत नाही. लोभ मागत नाही, तो माझा हक्काचा आहे.

तुझी,
बारकी


१८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. खुर्चीवर बसली नसशील तर बस, मग वाच.

तुझी चिठ्ठी बाबांना दिली होती. त्यांनी वाचली, चार घड्या घातल्या आणि हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या खाली ठेवली. तिसऱ्या मजल्याच्या खोलीचं त्यांचं चालूच होतं. खोटं कशाला सांगू, एका संध्याकाळी माझा धीर सुटला. स्टुलावर चढून मी फोटो उतरवला. तो हातात घेऊन उभी असताना मास्तर आले. त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि परत टांगला. म्हणाले की झोपायच्या खोलीचं मी बोललो ते चुकलं, सोपं होतं म्हणून मला बरोबर वाटलं. गणिताच्या माणसाकडून याहून मोठी माफी मिळत नसते.

मग आमचा नळ गळायला लागला. हॉलच्या कोपऱ्यात बेसिन आहे, त्याचा. नळवाला दोनदा येऊन गेला तरी गळतच होता. हे मी बाबांना सहज सांगितलं. आत्या, सहज म्हणजे खरंच सहज, तू आता हसतेस तसं काही नव्हतं. पण दुरुस्त करूनही गळणारा नळ म्हणजे बाबांच्या जिवाला घोर. रविवारी सकाळी पेटी घेऊन दारात हजर. मी फक्त नळासाठी आलोय हे आधी सांगून टाकलं. मान खाली घालून आत आले आणि भिंतीकडे पाठ करून थेट बेसिनशी गेले. चहासुद्धा तिथंच उभ्यानं घेतला, नळाकडे बघत.

नळ उघडला, वायसर बदलला, पुन्हा बसवला. मग हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि मान वर केली. बेसिनवर आरसा आहे, आणि आरशात मागची भिंत दिसते. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. त्यांचा हात टॉवेलपर्यंत आला आणि तिथंच राहिला. तोंडावरून पाणी ओघळत होतं आणि ते आरशात बघत होते. मग अगदी हळू म्हणाले की हे आमचं गाव आहे. मला वाटलं आता रडतील. ते वळले, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, परत आरशात बघितलं, आणि आत्या, ते चिडले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, हे उलटं आहे. घर उजव्या हाताला आणि झाड डाव्या हाताला, आरशात दिसतंय तसं. बारकीनं अख्खं गाव उलटं छापलंय आणि वर मलाच लिहिते की तू विसरलास. ओल्या हातांनी हवेत घर इकडे, झाड तिकडे असं दाखवत होते. मास्तर वही तपासत बसले होते, ते उठून उभेच राहिले.

मला आधी पटेना. मग माझीच मला लाज वाटली. रोज प्रत्येक फिल्मवर मी डाव्या-उजव्याची खूण लावते, नाहीतर डॉक्टर भलताच पाय उघडायचे. आणि माझ्याच भिंतीवर एवढं गाव उलटं असेल ही शंकासुद्धा आली नाही.

बाबा तसेच तडक निघून गेले. येणार की नाही ते बोलले नाहीत. पेटी मात्र इथंच राहिली आहे, आणि ती ते आजवर कुठंही विसरलेले नाहीत. तू निगेटिव्ह बघ आणि काय ते कळव. आता मला तुमच्या दोघांचीही भीती वाटते.

लोभ असावा, आणि तो दोन्ही बाजूंनी असावा.

तुझी,
ठकी


२५ मार्च

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

ठकीचं पत्र आलं तेव्हा मी आधी हसले. जन्मभर निगेटिव्ह हाताळलेल्या बाईला एक फिटर सांगतो की फोटो उलटा आहे. तुला झाडायला दोन पानं भरून लिहिली. मग तुझं तोंड कायमचं बंद करावं म्हणून निगेटिव्ह काढली आणि खिडकीशी धरली. ती दोन पानं फाडून टाकली आहेत.

तुझं बरोबर आहे. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू खाली ठेवून छापायचं, हे मी कितीतरी मुलींना शिकवलं. ही एकच मी पालथी घातली. माणसांच्या फोटोत ही चूक लगेच कळते, सदऱ्याची बटणं भलत्या बाजूला जातात. या फोटोत एक माणूस होता, आणि त्याला मीच बाजूला व्हायला लावलं. तो असता तर त्याच्या बटणांनी मला सांगितलं असतं. राहिलं घर, झाड आणि विहीर. ती कुठल्या हाताला ते सांगायला आठवण लागते, ती माझ्याकडे नव्हती. तिथं उभी होते खरी, पण काळ्या कापडाखाली. त्या कॅमेऱ्यात काचेवर सगळं उलटंच दिसतं, आणि परतीची बस निघायला आली होती. मी त्या गावाकडे उघड्या डोळ्यांनी बघितलंच नाही रे. इतकी वर्षं रोज बघत आले ते कुठलंच गाव नव्हतं. ठकीच्या बाईच्या पुलासारखंच.

तुला ओळखू आलं नाही म्हणून मी नको ते लिहिलं. ते शब्द मागे घेते. बाकीचे घेत नाही. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू बोलला नाहीस, मला काही ठाऊक नव्हतं आणि मी बोलत राहिले. ही चूक आपण दोघांनी मिळून केली आहे आणि एकटीनं मी ती अंगावर घेणार नाही.

उलटं गाव मी लेकीच्या भिंतीवर राहू देणार नाही. ते आता उतरेल, त्यात तू जिंकलास. पण मोठ्या कागदाचं एक पान माझ्याकडे उरलं आहे. तू म्हणालास तर त्यावर सुलटं छापते. नाही म्हणालास तर निगेटिव्ह तुझ्याकडे पाठवते, तू तुझ्या हातानं काय करायचं ते कर. रागवायचंच असेल तर निदान खऱ्या गावावर रागाव.

या वेळी उत्तराची वाट बघणार आहे.

तुझी,
बारकी


२ एप्रिल

चि. बारकीस,
अ. आ.

मला पत्राची सवय नाही. मुद्द्याचं लिहितो.

तो कागद वापर. सुलटं छाप. छापण्याआधी ताडून बघ. रस्त्यावर उभं राहिलं की घर उजव्या हाताला, झाड डाव्या, विहीर झाडाच्या मागे. झाडाची एक फांदी रस्त्याकडे आलेली आहे, तिच्यावरून मी पडलो होतो. डाव्या कोपरावर टाक्याची खूण आहे, ठकीला ती कारखान्यातली वाटते. घराचं दार रस्त्याकडे नाही, बाजूला आहे, म्हणून फोटोत दिसत नाही. पत्रा त्यांनी नंतर घातला. तू झोपायचीस ती जागा भिंतीच्या आत, विहिरीकडच्या कोपऱ्यात. आई विहिरीवर कपडे धुवायची तेव्हा तुला कठड्याशी बसवायची आणि कमरेला दोरी बांधायची. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. कठड्याचा एक दगड पुढे आलेला आहे, भिंगातून बघ, दिसेल. ती तुझी जागा.

तुझ्याकडे काहीच नाही असं तू लिहिलंस म्हणून हे लिहिलं. आणखीही आहे. समोर भेटशील तेव्हा सांगेन, सगळं लिहून होणार नाही.

मी ओळखलं नाही, कारण उलटं मला ओळखू येत नाही. सुलटं असतं तर दारातूनच ओळखलं असतं आणि बहुतेक तेव्हाही परत फिरलो असतो. आरशात ते अचानक समोर आलं आणि मला तोंड फिरवायला वेळ मिळाला नाही.

कारखान्यामागच्या खोलीला नाही सांगून आलो. महिनाअखेर सामान हलवतो. बाक दोन बोटं कमी आहे, ठकीला सांगितलं आहे. जावयांनी ठोकलेला खिळा कुचकामी आहे. मी भोक पाडून, लाकडाची गिट्टी बसवून स्क्रू घालणार आहे, मग तो फोटो मी मेल्यावरही पडणार नाही. तो दारासमोरच राहील. पाहुण्यांनी विचारावं, हे कुठलं गाव. मी सांगणार आहे, सगळं, नावानिशी, कुणी कुणी दार लावून घेतलं त्यासकट.

एक तुला आईनं सांगितलं नसेल. तिला ते दिसलं नाही, ती पुढे चालत होती. तू माझ्या खांद्यावर मागे तोंड करून बसली होतीस आणि बंद दारांकडे बघून हात हलवत होतीस, प्रत्येक दाराला वेगळा. मला तुझा हात हलताना जाणवत होता. मी मागे वळलो नाही. मी मान खाली घालून त्या गावातून निघालो आणि तेच माझ्या घशात अडकून राहिलं, घर गेलं ते नाही.

आता त्याच्यासमोर खुर्ची टाकून रोज सकाळचा चहा घेणार आहे. बघू, आधी मान कोण खाली घालतं.

फोटो घेऊन तूच ये, पोस्टानं पाठवू नकोस. लोभ होताच.

तुझा,
दादा